पंखाला वामेची चरबी

कापडाला वामेचा वास होता!

झुल्मिराने ती ओली चिंधी नाकापासून दूर केली, पुन्हा जवळ आणली, डोळे मिटून हुंगली… चुलीवरचं बटाट्याचं सूप उतू गेलं, निखाऱ्यांवर चरचरलं, तरी त्या लहानशा स्वयंपाकघरात कुणी जागचं हललं नाही. विमानाच्या पंखाला वास यावा तो रोगणाचा, फार पिकलेल्या फळासारखा, घशाशी येणारा. फार तर मेणाचा. वामेचा नव्हे! वाम असते खाडीच्या चिखलात, टोपलीत, बाजारच्या दिवशी बायकांच्या एप्रनवर… वाम आकाशात कशी जाईल?

चुलीपाशी तिची भावजय उभी होती. लुसिंदा. एक हात एप्रनखाली, पोटावर. सहावा महिना होता.

"ताई… कसला वास येतोय त्याला?"

झुल्मिराने मान वर केली. त्या पोरीच्या डोळ्यांत जे होतं ते तिला पाहायचं नव्हतं, आणि तरी ते दिसलं.

"समुद्राचा," ती म्हणाली. "दुसरा कसला येणार? सूप बघ आधी, सगळं चुलीत चाललंय."

ती कधी खोटं बोलत नसे. हे तिचं पहिलं. दुसरं ती उद्या सकाळी बोलणार होती, आणि ते तिला जन्मभर पुरणार होतं.

*

दुपारी नौदलाच्या तळावरचं एक विमान खाडीत कोसळलं होतं. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या असलेलं, पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान. हवेत असतानाच त्याच्या खालच्या डाव्या पंखाचं कापड सोललं गेलं, चिंध्या होऊन मागे फडफडलं, आणि काठावर जाळी वाळवणाऱ्या बायकांनी पाहिलं की एक पांढरा पक्षी कूस बदलावी तसा कलला… आणि मग नुसतं पाणी. पायलट लेफ्टनंट हात मोडून वाचला. मागच्या जागेवरचा मेकॅनिक पंखाच्या तुकड्याला धरून तरंगत राहिला. होडी पोचली तेव्हा त्याचा गाल त्या तुकड्यावर टेकलेला होता आणि गुडघ्याखालचा पाय चुरगळलेला होता.

तो मेकॅनिक म्हणजे बेल्मिरो. लुसिंदाचा नवरा. झुल्मिराचा धाकटा भाऊ… भाऊ कसला, लेकच!

आई त्याच्या बाळंतपणात गेली. बाप शिडं शिवायचा, आणि दारू प्यायचा, आणि शिडं शिवायचा. त्या घरात पाळणा नव्हता. झुल्मिराने भावाला शिडाच्या घडीत निजवलं, आणि तो रडला की ती घडी पायाने हलवत हाताने टाके घालत राहिली. पुढे एर्मिनियो नावाच्या उंच, हसऱ्या माणसाने तिला मागणी घातली. तो कॉड मासे पकडायला उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर होता. तो म्हणाला, "तू ये. पोराला बापाकडे ठेव." ती म्हणाली, "बापाला कुणाकडे ठेवू?" एर्मिनियो खूप हसला. पण त्या हसण्यानंतर तो आला नाही.

खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या जिभेवर नौदलाने तळ उभारला, तेव्हा त्यांना कापड शिवणारी माणसं हवी होती. विमानं म्हणजे लाकडाच्या बरगड्या आणि वरून ताणलेलं लिनन. शिडं शिवणाऱ्यांशिवाय कुणाला येणार ते? आवेइरोच्या खाडीतल्या बायका आल्या, झुल्मिरा आली, आणि काही वर्षांत ती शिवणखोलीची मुख्य झाली. प्रत्येक बरगडीवर टाका, प्रत्येक टाक्याला गाठ, त्यावर कापडाची पट्टी, त्यावर रोगणाचे हात. रोगण वाळलं की कापड आवळतं आणि पंख ढोलासारखा वाजतो. रोगणाच्या वासाने डोकी गरगरत म्हणून तळावरून बायकांना रोज दूध मिळे.

त्या खोलीत, दुधाचे पेले हातात घेऊन, असलं बोलणं चाले:

"काय गं लुसिंदा, नव्या नवरीने नवऱ्याच्या पहिल्या शिडाला चरबी लावली की नाही?"

"त्याला शिड कुठंय? त्याला पंख आहेत."

"मग पंखाला लाव! पंख काय, शिड काय, दोन्ही भरतात वाऱ्यानेच."

"आणि दोन्ही घरी उशिरा येतात!"

हशा. खाडीवरचा तो जुना रिवाज होता. लग्नानंतर नवऱ्याच्या होडीचं पहिलं शिड बायकोने शिवायचं, आणि दोरा वामेच्या चरबीतून ओढून घ्यायचा. चरबी पाण्याला दोऱ्यात शिरू देत नाही. ज्याच्या शिडाला अशी चरबी लागली त्याला पाणी नेत नाही, असं इथल्या बायका मानत आल्या होत्या.

"माझ्या खोलीत चरबीचं नाव काढायचं नाही," झुल्मिरा तेव्हा म्हणाली होती. "मेण. तेही बोटावर मावेल एवढं. चरबीवर रोगण धरत नाही, पट्टी सुटते. कळलं का, लुसिंदा?"

"कळलं, ताई."

आणि मग झुल्मिराने तिला तो पंख दिला. "आज हा तुझा. एकटीने कर." बेल्मिरो ज्यातून उडणार त्या विमानाचा पंख. इतर सगळ्या पंखांवर झुल्मिरा नख फिरवून एकेक पट्टी तपासायची. या एका पंखावर तिने नख फिरवलं नाही. सगळ्यांसमोर भावजयीला कमीपणा नको, म्हणून.

*

सकाळी शिवणखोलीत कमांडर आले. टोपी काखेत, चेहरा रात्रभर न झोपलेला. भिंतीशी बायका रांगेने उभ्या होत्या आणि टेबलावर पंखाची एक फाटकी पट्टी पडली होती.

"टाक्याच्या दोऱ्याला चरबी आहे," कमांडर म्हणाले. "हा दोरा कुणाच्या हातचा?"

त्यांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली.

"ज्याच्या हातचा असेल त्याला तळावर जागा नाही. त्याच्या घरच्यांनाही नाही. तळाच्या वसाहतीतल्या घरातही नाही. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही."

त्याच्या घरच्यांनाही नाही… झुल्मिराच्या डोळ्यांपुढून एका क्षणात सगळं सरकत गेलं. खाटेवर पडलेला बेल्मिरो, ज्याला आता कधीच उडता येणार नव्हतं, पण तळावर जमिनीवरचं काम मिळू शकत होतं. ते दोन खोल्यांचं घर. ते पोटातलं अजाण बाळ. आणि रांगेत शेवटी उभी असलेली लुसिंदा, जिचे ओठ हलत होते… ती बोलणार होती! आता, या श्वासाला ती बोलणार होती!

"माझ्या," झुल्मिरा म्हणाली.

सगळ्या माना वळल्या.

"तुम्ही?" कमांडरांच्या आवाजात अविश्वास होता. "तुम्ही तर…"

"शिडं शिवणाऱ्याची मुलगी आहे मी. हाताला जुनी खोड. भाऊ उडणार होता त्यातून… वाटलं, चरबी लावावी." तिने हात पुढे केले. सुयांनी घट्टे पडलेले, स्थिर हात. "या खोलीतून जो टाका बाहेर जातो तो माझाच असतो, साहेब. घरच्यांचं म्हणाल तर मला घरचे कुणी नाहीत. मी बिनलग्नाची आहे. भावाचा संसार वेगळा."

रांगेच्या टोकाला काहीतरी धप्पकन खाली बसलं. बायका लुसिंदाला पाणी द्यायला धावल्या. गरोदर बाई, उभं राहून राहून भोवळ आली असेल, असं कमांडरांना वाटलं. बायकांनी ते तसंच वाटू दिलं.

*

दवाखान्याची खोली.

दोन खाटा. एकीवर हाताला पट्ट्या बांधलेला लेफ्टनंट, छताकडे पाहत. दुसरीवर बेल्मिरो. दारात झुल्मिरा, हातात झाकलेलं भांडं, त्यात कोंबडीचं सूप.

"बेल्मिरो… बाळा…"

त्याने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं हे तिला पुढे कितीतरी वर्षं उलगडलं नाही. मग तो मोठ्याने, एवढ्या मोठ्याने की वऱ्हांड्यातली नर्स थबकली, म्हणाला:

"ज्या हातांनी वाढवलंस त्याच हातांनी पाडलंस! जा इथून. तुझं तोंड बघायचं नाही मला पुन्हा!"

आणि भिंतीकडे वळला.

झुल्मिराचं अंतःकरण विदीर्ण झालं. पण त्या वेदनेच्या तळाशी एक विचित्र शांतीही होती… त्याने विश्वास ठेवला होता! तिचं खोटं उभं राहिलं होतं! घर वाचलं, लुसिंदा वाचली, बाळ वाचलं. तिने भांडं खुर्चीवर ठेवलं. झाकण नीट बसवलं. निवू नये म्हणून.

*

खाडीपलीकडे, मुर्तोझाच्या काठावर, बापाची जुनी झोपडी होती. तिथे ती राहू लागली. शिडं शिवायची, जाळी सांधायची. तिथून तळ दिसायचा. म्हणजे दिसायचा असं नाही, एक पांढरी रेघ दिसायची, आणि त्या रेघेतून विमानं उठायची.

*

तो येतो.

(हे घडत नाही. हे ती शिडाची कड दुमडताना पाहते.)

तो होडीतून येतो, पहाटेच्या धुक्यातून, आणि धुकं एवढं दाट की आधी फक्त वल्ह्यांचा आवाज येतो. तो म्हणतो, ताई, मला सगळं कळलं. ती म्हणते, काय कळलं? तो म्हणतो, सगळं. ती म्हणते, भूक लागली असेल. आणि दोघं मक्याचा पाव खातात, आणि धुकं घरात येतं, आणि दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून कुणालाच रडू लपवावं लागत नाही…

*

तो येतो, निराळा.

या वेळी तो लहान आहे. शिडाच्या घडीत निजलेला. ती पायाने हलवते आहे. घडी हलता हलता हलकी होते, वर उचलली जाते, भरते, आणि तो घडीसकट खिडकीतून बाहेर, खाडीवरून, मिठाच्या पांढऱ्या ढिगांवरून… ती हाक मारते. तो वरून हात हलवतो. किती सुंदर उडतो आहे! ती ओरडत नाही. उडणाऱ्याला खालून ओरडून घाबरवू नये.

*

तो येतो आणि दारातून परत जातो. (हे ती फार क्वचित पाहते.)

*

"अगं, कुणाची वाट बघतेस रोज?" शेजारची ओलिंपिया काकू आपल्या अंगणात तारल्या भाजता भाजता विचारायची. धूर, तेल, आणि तिचा तो चिरका आवाज. "विमान गेलं की मान वर! कोंबडीसारखी! कुणी पायलट ठेवलायस का वर?"

"ठेवलाय. तुमच्यापेक्षा देखणा आहे."

"माझ्यापेक्षा बोकडसुद्धा देखणा असतो. तारली खातेस का?"

झुल्मिरा खायची. आणि विमान आलं की मान वर करायचीच. खालून पाहिलं की पंखाच्या कापडातून ऊन आरपार यायचं, बरगड्या सावलीसारख्या दिसायच्या, आणि कोणता पंख कुणी शिवला असेल ते तिला कापडाच्या ताणावरून समजायचं, निदान तिला तसं वाटायचं. मग परदेशातून धातूची विमानं आली. त्यांना बरगड्या दिसत नव्हत्या. त्यांना शिवणारं कुणी नसावं. तरीही तिची मान वर जायची.

खाडीपलीकडच्या बातम्या होड्यांबरोबर येत. लुसिंदाला मुलगी झाली. ओदेत नाव ठेवलं. बेल्मिरोला तळाच्या गोदामात काम मिळालं, काठीने चालतो. ओदेत बोलू लागली. ओदेतचा दात पडला. ओदेत शाळेत कविता म्हणाली. झुल्मिराने त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं, पण बाजारात एखादी मुलगी दिसली की ती मनात तिची उंची मोजायची… एवढी झाली असेल. आता एवढी.

नाताळला ती दोन ताटं मांडायची नाही. एकच मांडायची. पण बाक दोघांच्या बसण्याइतका मोकळा ठेवायची.

तो चिडला आहे, ती स्वतःला समजवायची. त्याची समजूत चुकली आहे, आणि ती चुकवली कुणी? मीच ना? मग कशाला दुःख करायचं? चुकलेल्या माणसावर रागावता येत नाही. एक दिवस त्याला कळेल. कळलं की तो धावत येईल… त्याला कळलं नाही, म्हणून आला नाही. एवढंच. एवढ्या एका वाक्यावर तिने किती वर्षं काढली! ओदेत सोळाची झाली.

*

मग बातमी आली की नौदलाकडे आता विमानं राहणार नाहीत. सगळी हवाई दलाकडे. तळाचे जुने अधिकारी निघाले, कमांडर तर कधीचेच गेले होते. पाण्यावर उतरणारी शेवटची विमानं एका रविवारी दुपारी उठून लिस्बनकडे जाणार, पुन्हा न येण्यासाठी. दोन्ही काठांवरची गावं निरोप द्यायला निघाली. पाद्री निघाले, बँड निघाला.

"चल की गं!" ओलिंपिया काकूने डोक्याला चांगला रुमाल बांधला होता. "तुझा पायलट चालला! डोळे भरून बघून तरी घे!"

"इथूनच बघते."

"इथून काय दिसणार? माशी दिसेल माशी!"

"मला माशीच पुरे, काकू."

होड्या गेल्या. गाव रिकामं झालं. झुल्मिरा काठावर शिड पसरून बसली, मांडीवर सुई, आणि ऊन एवढं मऊ होतं की खाडी पाण्याची आहे की हवेची हे कळेना. सगळ्या होड्या पलीकडे चालल्या होत्या. एकच होडी उलट, तिच्याकडे येत होती.

तिला वाटलं, हे मी पुन्हा पाहते आहे. कड दुमडते आहे म्हणून पाहते आहे. तिने सुई बाजूला ठेवली. होडी तरीही येत राहिली.

पुढच्या टोकाशी एक बाई बसली होती, पाठ वळवून. वल्ही मारणारा माणूस पिकल्या केसांचा होता. होडी वाळूला लागली. तो काठी टेकत, धडपडत उतरला, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

"ताई."

किती उत्तरं तिने तयार ठेवली होती!

"वल्ही आत घे," ती म्हणाली. "भरती आहे. वाहून जातील."

त्याने वल्ही आत घेतली. मग वाळूवर आला. जवळ आला, आणि तिला दिसलं की त्याची हनुवटी अजून तशीच थरथरते, रडण्याआधी थरथरायची तशी.

"काल लुसिंदाने मला सांगितलं," तो म्हणाला. "आता घर काढून घेणारं कुणी उरलं नाही, म्हणाली, आता तरी बोलू दे. तो दोरा तिचा होता. चरबी तिने लावली होती. इतकी वर्षं तिला झोप नव्हती, ताई."

झुल्मिराचे डोळे भरून आले. आला! शेवटी आला! त्याला कळलं आणि तो धावत आला, अगदी तिने म्हटलं होतं तसं…

"आणि मी तिला म्हणालो," बेल्मिरोचा आवाज चिरकला, "मला माहीत आहे."

वारा शिडाखाली शिरला आणि शिड थोडं फुगलं.

"कधीपासून?"

"पाण्यात होतो तेव्हापासून. पंखावर गाल होता माझा. नाकाशी चरबीचा वास. तुझ्या हातून चरबी? तुझ्या? तेवढ्यात कळलं मला. कोण, आणि का."

"मग दवाखान्यात…"

"शेजारी लेफ्टनंट होता. त्याने मला आधीच विचारलं होतं, तुझी बहीण असं करेल का रे? त्याला पटत नव्हतं. कुणालाच पटत नव्हतं! मी तुझ्यावर रागावलो नसतो तर त्यांनी पुन्हा शोध घेतला असता. म्हणून मी मोठ्यानं बोललो, ताई. त्याला ऐकू जावं म्हणून. तू केलंस ते वाया जाऊ नये म्हणून…"

"मोठ्यानं बोललास. बरं केलंस." झुल्मिरा उठून उभी राहिली. "आणि हळू का नाही बोललास? हळू बोलायला सोळा वर्षं होती!"

त्याने काठीचं टोक वाळूत रुतवलं.

"एकदा! एकदा होडीत बसायचं, यायचं, कानात सांगायचं, ताई, मला माहीत आहे. परत जायचं! कुणाला कळलं असतं?"

"पहिल्या नाताळला निघालो होतो. अर्ध्या खाडीतून परत गेलो. तोंड कसं दाखवू? मग दुसरा नाताळ आला, तेव्हा पहिल्याचीही लाज होती. ती वाढतच गेली. तिच्यापुढे मीच लहान होत गेलो…"

"तुला कळतंय का तू काय केलंस?" तिचा आवाज आता तिचा राहिला नव्हता. कधी न रागावलेल्या बाईचा राग होता तो, आणि त्याला वाट ठाऊक नव्हती. "मला वाटायचं, माझ्या भावाचा गैरसमज झालाय. त्या गैरसमजावर मी जगले रे! रोज त्यालाच उशाशी घेऊन झोपले! माझा भाऊ मला ओळखत नाही म्हणून येत नाही… आणि आज तू सांगतोस, तू मला ओळखत होतास. ओळखून आला नाहीस!"

"ताई…"

"नको म्हणूस ताई!"

ती झोपडीत गेली आणि दार लावून घेतलं.

*

दार जुनं होतं. फळ्यांत फटी होत्या. ती आतून दाराला पाठ लावून खाली बसली. थोड्या वेळाने बाहेरून दाराला वजन आलं. तोही तिथेच बसला होता, पाठ लावून. मधे एक फळी. त्याचं रडणं फळीतून तिच्या पाठीत उतरत होतं.

खोलीत ऊन तिरकं पडलं होतं. बाक मोकळा होता.

"ताई," बाहेरून आवाज आला. "मी जाऊ?"

तिने गुडघे छातीशी ओढून घेतले.

"तू म्हणशील तर जातो. पुन्हा येणार नाही. तुला तसं हवं असेल तर."

जा म्हटलं तर हा जाईल, तिला वाटलं. लहानपणापासून हा असाच, सांगितलेलं ऐकणारा. जा म्हटलं की गेला. तोंड बघायचं नाही असं स्वतःच म्हणाला, तर स्वतःचंही ऐकत बसला सोळा वर्षं! वेडा. मूर्ख. माझं लेकरू… क्षमा अशी मनात येऊन बसत नसते, तिला कळलं; राग अजून तिथेच होता, पूर्ण, तापलेला. पण त्या रागाला आता समोर माणूस होतं. रागावायला तरी माणूस घरात हवं ना!

"थांब," ती म्हणाली.

दार उघडलं. तो मागे कोसळता कोसळता सावरला. ती त्याला ओलांडून सरळ पाण्याकडे निघाली.

लुसिंदा होडीत तशीच बसून होती. केस पांढरे, अंग वाळलेलं. झुल्मिरा गुडघाभर पाण्यात गेली आणि तिने होडीचं टोक धरलं.

"उतर."

"नाही, ताई. मी नुसती याच्या सोबतीला आले होते. तुम्ही दोघं बोला." लुसिंदाने मान वर केली नाही. "मला मारा हवं तर. इथूनच."

"मारायला जवळ तरी यायला नको का? होडीत चढून मारू? माझं वय बघ."

लुसिंदाच्या तोंडातून हुंदका निघाला, तो अर्ध्यावर हसण्यात अडकला आणि पुन्हा हुंदका झाला.

"मी सांगितलं होतं ना गं तुला?" झुल्मिरा हळूच म्हणाली. "चरबीवर रोगण धरत नाही म्हणून?"

"सांगितलं होतं."

"समजलं नव्हतं?"

"समजलं होतं, ताई. सगळं समजलं होतं. एकाच कडेला लावली, तळाशी, कुणाला दिसू नये अशी. वाटलं, एवढ्याने काय होतंय? तो उडणार होता, ताई. खाली सगळं पाणीच पाणी. माझ्या आईने माझ्या बापाच्या शिडाला लावली होती, आणि तो म्हातारा होऊन खाटेवर मेला. मी लावली नसती आणि तो बुडाला असता तर मी काय तोंड…" ती थांबली. "मीच पाडलं त्याला."

झुल्मिरा पाण्यात उभी होती. थंड, हिरवट पाणी, आणि पायांवरून काहीतरी गुळगुळीत निसटून गेलं. तिने आयुष्यात कुणासाठी दोरा चरबीतून ओढला नव्हता. एर्मिनियोच्या शिडापर्यंत वेळच आली नाही. ती नियम एवढा चोख पाळायची, कारण तो मोडायला लावील असं तिच्याजवळ कुणी नव्हतं… नाही. एक होता. दर वेळी तो उडायच्या आदल्या दिवशी तिचा हात घरातल्या चरबीच्या डब्याकडे गेला होता. दर वेळी तिने तो मागे घेतला होता. एवढंच अंतर होतं दोघींत. हातभर.

"माझाही हात जायचा गं," ती म्हणाली. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "दर वेळी."

लुसिंदाने पहिल्यांदा वर पाहिलं.

"उतर आता. बेल्मिरो! बसून काय राहिलास? होडी वर ओढायला हवी."

"अगं ताई, संध्याकाळी परत जायचंय आम्हाला. ओदेत बँडबरोबर आहे, ती…"

"तिला निरोप पाठव. उद्या तिलाही इकडे आण. मला तिची उंची बघायचीय." तिने दोर खांद्यावर घेतला. "होडी वर ओढायची म्हटलं ना? भरती अजून चढणार आहे."

लुसिंदा पाण्यात उतरली, घागऱ्यासकट. दोघी दोराला लागल्या. बेल्मिरोने काठी वाळूत फेकली आणि मागून खांदा लावला, त्याचा पाय घसरला, तो होडीवर आपटला, झुल्मिरा ओरडली, "नीट! आयुष्यात एक काम नीट कर!" आणि तो, पन्नाशीकडे झुकलेला माणूस, रडत रडत हसला आणि पुन्हा खांदा लावला. होडी हलेना. ओली, जड, वाळूत रुतलेली.

पलीकडच्या काठावरून मोठा आवाज उठला, हजारो माणसांचा, आणि बँडचा. मग तो दुसरा आवाज, जो त्या तिघांनी आयुष्यभर मान वर करून ऐकला होता. शेवटची विमानं पाण्यावरून उठली, एकामागून एक, खाडीवर कलली, मुर्तोझाच्या काठावरून खाली, अगदी खालून गेली. त्यांच्या सावल्या वाळूवरून, होडीवरून, तीन वाकलेल्या पाठींवरून सरकत गेल्या.

"ओढ!" झुल्मिरा म्हणाली. "आता हलतेय! ओढ!"

कुणी वर पाहिलं नाही.